एमआरसीपी आणि ईआरडी: हात हलायच्या आधी दिसणारे दोन वेगळे सिग्नल

पुण्यात शेवटच्या वर्षाला ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेसचा (मेंदूच्या सिग्नलवर कॉम्प्युटर चालवायचा) प्रोजेक्ट घेणारी बरीच पोरं रिपोर्टमध्ये एमआरसीपी (मूव्हमेंट-रिलेटेड कॉर्टिकल पोटेन्शियल) आणि ईआरडी (इव्हेंट-रिलेटेड डीसिंक्रोनायझेशन) बिनधास्त एकमेकांच्या जागी टाकतात आणि व्हायवाला एक्स्टर्नल नेमका तिथेच धरतो. गोंधळ साहजिक आहे म्हणा, दोन्ही ईईजीतच (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेली मेंदूची विद्युत नोंद), दोन्ही हालचालीच्या आधी सुरू होणारे, आणि इलेक्ट्रोडही तेच, सी३ (डोक्यावर डावीकडे), सीझेड (मध्ये), सी४ (उजवीकडे).

एमआरसीपी म्हणजे सरळ व्होल्टेज. हालचालीच्या दीड-दोन सेकंद आधीपासून सिग्नल हळूहळू निगेटिव्हकडे सरकतो, तोही मोजक्याच मायक्रोव्होल्टनी. कॉर्नहूबर आणि डेके या संशोधकांनी जर्मनीत १९६५ साली हे मांडलं.

ईआरडीत असा उतार शोधायचाच नाही. तिथे ८ ते १३ हर्ट्झची म्यू लय आणि १३ ते ३० ची बीटा, यांची पॉवर, म्हणजे लयीचा जोर, पडते. गणपतीत पथक एका ठेक्यात असलं की आवाज लांबवर घुमतो, प्रत्येक जण मनाने वाजवायला लागला की ढोल तेवढेच असूनही दणका जातो, न्यूरॉनचं तसंच. उजवा हात हलवायची नुसती कल्पना केली तरी डावीकडच्या सी३ वर हे दिसतं.

आता खरी गोम. पन्नास ट्रायल घेऊन (तीच हालचाल पन्नास वेळा नोंदवून) कच्च्या सिग्नलचा ॲव्हरेज काढला तर एमआरसीपी वर येतो, कारण दर वेळी तो एकाच दिशेने घसरतो, पण म्यू लहरीची फेज (लाट कधी वर, कधी खाली) दर ट्रायलला वेगळी, त्यामुळे त्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात आणि हातात सपाट रेघ येते. मग पोरं इलेक्ट्रोड जेलला शिव्या घालतात. अरे, आधी हव्या तेवढ्याच फ्रिक्वेन्सी ठेवणारा बँडपास फिल्टर लाव, प्रत्येक आकड्याचा वर्ग कर, आणि मग ॲव्हरेज घे.

उलट चूक फिल्टरची. सगळे लावतात म्हणून १ हर्ट्झचा हायपास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावला की एमआरसीपी जवळजवळ संपलाच, कारण त्याचा बराचसा जीव १ हर्ट्झच्या खालीच असतो. ०.०५ ला उतरलात तर डोळ्यांची हालचाल आणि घामाचा ड्रिफ्ट (सिग्नलचं हळूहळू सरकणं) आत येतो, एप्रिलात बिनएसीच्या लॅबमध्ये तर विचारूच नका.

स्ट्रोकच्या पेशंटला हालचालीचा इरादा ओळखून अगदी त्या क्षणी स्टिम्युलेशन द्यायचं असेल तर एमआरसीपीचा टायमिंग भारी पडतो. डावा की उजवा एवढंच ओळखून कर्सर सरकवायचा असेल तर ईआरडी घ्या, पहिल्या प्रोजेक्टला तर मी डोळे झाकून तेच सांगेन. आणि दोन्ही हवेच असतील तर ईईजी घेणारा बोर्ड विकत घ्यायच्या आधी डेटाशीटमध्ये खालची फ्रिक्वेन्सी कुठे कापलीये ते बघा, हार्डवेअरनेच उडवलेलं पायथनमध्ये परत येत नाही.