किलोमीटर वाढवायचे की वेग?

6 मे 1954 रोजी रॉजर बॅनिस्टरने एक मैल 3 मिनिटे 59.4 सेकंदांत पार केला. वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या बॅनिस्टरला सरावासाठी वेळ जेमतेम मिळे. त्यामुळे 440 यार्डांच्या 10 वेगवान फेऱ्या आणि मध्ये दोन मिनिटांची विश्रांती, हा त्याचा मुख्य सराव होता. सहा वर्षांनी रोममध्ये पीटर स्नेलने 800 मीटरचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. त्याचा प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड त्याला आठवड्याला 160 किलोमीटर धावायला लावत असे, तेही दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी!

मग खरे कोणाचे? बॅनिस्टरची बाजू घेणारे 1952चे हेलसिंकी विसरतात. तिथे 1500 मीटरसाठी ऐनवेळी उपांत्य फेरी वाढवली गेली, सलग तीन दिवस धावावे लागले आणि बॅनिस्टर चौथा आला. लिडियर्डचे नाव घेऊन नुसते किलोमीटर मोजणारेही अर्धेच सांगतात. ते 160 किलोमीटर म्हणजे सुरुवातीच्या काही आठवड्यांचा पाया होता. त्यावर आधी चढावरचा सराव आणि मग ट्रॅकवरचे वेगाचे काम येत असे.

800 मीटरमध्येसुद्धा निम्म्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने तयार होते. 5000 मीटरमध्ये हा वाटा 90 टक्क्यांच्या पुढे जातो. ही यंत्रणा सावकाश आणि भरपूर धावण्याने वाढते. स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची संख्या वाढते, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. पण शर्यतीच्या वेगात लागणारे स्नायुतंतू सावकाश धावताना फारसे कामालाच लागत नाहीत. त्यांच्यासाठी वेग हवाच.

नेमका वेग किती, इथे बहुतेकांचे गणित चुकते. 5 किलोमीटर 20 मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला 4:00 या वेगाने धावणारा धावपटू घ्या. त्याचा थ्रेशोल्ड वेग, म्हणजे शर्यतीत साधारण तासभर टिकेल असा वेग, 4:15 ते 4:20 असतो. सोपे धावणे 5:10 ते 5:45. त्याला 1000 मीटरच्या पाच फेऱ्या 4:00 ने, मध्ये अडीच मिनिटे जॉगिंग करून, द्यायच्या आहेत. तो उत्साहात पहिली 3:40 ने मारतो, मग 3:50, 4:00, 4:10 आणि शेवटची कशीबशी 4:15. सरासरी 3:59 येते, वहीत सगळे छान दिसते. पण सराव फसलेला असतो. पहिल्या फेरीतच स्नायूंतली आम्लता इतकी वाढली, की पुढचे सगळे थकव्याशी झगडणे झाले. ठरलेल्या वेगाने त्याची एकच फेरी झाली. पाचव्या फेरीनंतर सहावी त्याच वेगाने जमली असती असे वाटले, तर सराव बरोबर झाला असे समजावे.

याहून मोठी आणि जास्त आढळणारी चूक सोप्या दिवशी होते. 5:30 ने धावायचे असताना घड्याळाकडे बघून 4:45 ने धावले जाते. हा वेग विश्रांती देत नाही आणि शर्यतीची तयारीही करत नाही. दुसऱ्या दिवशी पाय जड, ट्रॅकवर वेग निघत नाही. मग वाटते की मेहनत कमी पडतेय, आणि सोपा दिवस आणखी जोरात धावला जातो. सोपा वेग ओळखण्याची कसोटी साधी आहे: पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. अव्वल धावपटूंच्या नोंदी तपासणाऱ्या स्टीफन सायलर यांना दिसले, की त्यांची सुमारे 80 टक्के सत्रे अशी सोपीच असतात. नॉर्वेची पद्धतही याच विचारातली आहे. थ्रेशोल्डची सत्रे एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ, आणि बोटातून किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेटवर, म्हणजे जोरात धावताना रक्तात वाढणाऱ्या पदार्थावर, नजर, म्हणजे सराव ठरल्यापेक्षा जोरात होऊ नये.

म्हणून आठवड्याला 60 किलोमीटर धावणाऱ्याने वेगाची सत्रे दोनच ठेवावीत, त्यांत प्रत्यक्ष वेगवान धावणे 10 ते 12 किलोमीटर. 30 किलोमीटरवर असलेल्याने मात्र तिसरे वेगवान सत्र शोधण्याऐवजी सोपे किलोमीटर वाढवावेत, असे माझे ठाम मत आहे. एका टप्प्यावर तीन आठवडे थांबून मगच पुढे जावे. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडांना महिने लागतात. वाढलेल्या भाराने हाड आधी झिजते, नवे हाड नंतर भरते. म्हणूनच नडगीचे दुखणे किलोमीटर वाढवल्यावर लगेच न येता बऱ्याचदा काही आठवड्यांनी, सगळे सुरळीत वाटत असताना उद्भवते. एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर धावणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

शर्यत जवळ आली की हिशेब उलटतो. रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980च्या दशकातल्या प्रयोगांत सरावाचा वेळ दोन तृतीयांश कमी केला तरी ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता टिकली. तीव्रता उतरवली तेव्हा मात्र ती घसरली. तेव्हा शेवटच्या दोन आठवड्यांत किलोमीटर जवळपास निम्मे करावेत, वेग तोच ठेवावा. पाचऐवजी 1000च्या तीनच फेऱ्या, पण 4:00 नेच.