वृषणशोथ व अधिवृषणशोथ

वृषण आणि त्याच्या मागच्या कडेला चिकटलेले अधिवृषण यांना जंतुसंसर्गामुळे येणारी दाहयुक्त सूज. अधिवृषण म्हणजे सुमारे ६ मी. लांबीची, दाट वेटोळी घातलेली एकच नलिका. दाह बहुधा तिच्या खालच्या टोकाशी सुरू होतो आणि मग वृषणात पसरतो. केवळ वृषणाचा शोथ विरळा. तो मुख्यतः गालगुंडात दिसतो.

संसर्ग अधिवृषणात कोणत्या वाटेने पोचतो, हा जुना वाद आहे. जड ओझे उचलताना किंवा कुंथताना जंतुरहित मूत्र रेतवाहिनीत (अधिवृषणातून मूत्रमार्गाकडे रेत नेणाऱ्या नळीत) उलटे शिरते व त्याच्या क्षोभाने सूज येते, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. अनेक तरुण रुग्णांच्या मूत्रात जंतू सापडत नसल्याने त्याला बळ मिळाले. १९७०च्या दशकात अशा रुग्णांच्या अधिवृषणातून सुईने काढलेल्या द्रवात क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू आढळला. हा जंतू जिवंत पेशीबाहेर वाढत नाही, म्हणून नेहमीच्या तपासणीतून तो निसटत असे. तेव्हापासून मूत्रमार्गातून रेतवाहिनीवाटे येणारा संसर्ग हेच कारण अधिक ग्राह्य ठरले. मूत्राच्या उलट प्रवाहाचे मत मात्र पुरते मागे पडलेले नाही. ढोबळमानाने पस्तिशीच्या आत क्लॅमिडिया व परम्याचे जंतू, तर पुढील वयात एश्चेरिकिया कोलायसारखे आतड्यातील जंतू कारणीभूत असतात.

क्षयरोगामुळे होणाऱ्या शोथातही जंतू मूत्रमार्गातून येतात की रक्तातून, हा प्रश्न उरतोच. येथे वेदना बेताची असते. बोटांत धरलेली रेतवाहिनी मण्यांच्या माळेसारखी लागते आणि पू मुष्काच्या (वृषणे असलेल्या पिशवीच्या) मागील बाजूने फुटून वाहत राहतो.

गालगुंडानंतर वृषण सुजल्याचे वर्णन प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ यांच्या नावावरील, बहुधा इ. स. पू. पाचव्या शतकातील लेखनात आहे. वयात आलेल्या पुरुषांत गाल सुजल्यावर साधारण आठवडाभरात ही सूज येते. वृषण आक्रसू शकते. पूर्ण वंध्यत्व क्वचितच येते.

हत्तीरोगाच्या कृमींमुळेही असा शोथ होतो.

निदानात खरी भीती वृषणाला पडलेल्या पिळाची. त्यात वेदना एकाएकी उठते आणि सुमारे ६ तासांत रक्तपुरवठा पूर्ववत झाला नाही, तर वृषण गमावण्याचा धोका झपाट्याने वाढतो. वृषण वर उचलल्यावर कळ कमी झाली की शोथच, या खुणेवर विसंबू नये. डॉप्लर तपासणीत (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याच्या तपासणीत) शोथात रक्तप्रवाह वाढलेला, पिळात घटलेला दिसतो. शंका राहिल्यास शस्त्रक्रियेने उघडून पाहणेच योग्य.

जंतुजन्य शोथावर प्रतिजैविके, विश्रांती व मुष्काला आधार देतात. लैंगिक संसर्ग असल्यास जोडीदारावरही उपचार करावे लागतात.