डबीतली १३४ पानं: मोगल गंजिफा आणि दशावतारी गंजिफा

वेंगुर्ल्याला आमच्या आतेकडे सरकत्या झाकणाची एक रंगीत लाकडी डबी आहे. आत गंजिफा, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळाची हाताने रंगवलेली गोल पानं, पाठी सगळ्यांच्या लाल. जुन्या खेळांच्या एका प्रदर्शनाला तिने ती डबी दिली होती. परत आली तेव्हा सोबत पुठ्ठ्याची चिठ्ठी होती: 'दशावतारी गंजिफा, १३४ पाने.'

पानं मोजणाऱ्याने नीट मोजली होती. पण दशावतारी गंजिफेत पानं १२० असतात आणि मोगल गंजिफेत ९६. जुन्या डबीतली पानं हरवतात, कमी होतात, हे समजू शकतं. १४ वाढली कशी?

सावंतवाडीकडे गोल पान दिसलं की लोक सरसकट 'दशावतारी' म्हणून मोकळे होतात. दशावताराची नाटकं याच मातीतली, त्यामुळे तो शब्द तोंडात बसलेला. शिवाय दोन्ही गंजिफा चिताऱ्यांच्या हातच्या, दोन्ही गोल आणि दोन्हींत प्रत्येक रंगाची, म्हणजे इस्पिक-बदामासारख्या गटाची, पानं बाराच: एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, वर प्रधान आणि राजा. मोगलमध्ये असे आठ रंग असतात, दशावतारीत दहा. हिशेब इतका सोपा आहे; अडचण येते ती सुटं पान हातात आल्यावर.

मोगल गंजिफेचे आठ रंग म्हणजे एखाद्या दरबाराचा कारभारच. ताज, सफेद म्हणजे चांदीचं नाणं, शमशेर, गुलाम, चंग हे तंतुवाद्य, सुर्ख म्हणजे सोन्याचं नाणं, बरात म्हणजे हुकुमाचा कागद, आणि किमाश म्हणजे मालाचा गठ्ठा. मुकुट, खजिना, शस्त्रं, नोकर, गाणंबजावणं, दफ्तर, कोठार. काही सुटलेलं नाही. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळी अबुल फजलने तर बारा रंगांच्या, १४४ पानांच्या खेळाचं वर्णन करून ठेवलंय.

दशावतारीत दरबार जातो आणि विष्णूचे दहा अवतार येतात. सांगाडा तोच राहतो, राजाच्या जागी मत्स्य, कूर्म, वराह असे देव बसतात. छोट्या पानांवर त्या त्या अवताराची खूण असते: मासा, कासव, शंख, चक्र, कमंडलू, परशू, बाण, गाय, कमळ, तलवार. गावागावांत यात थोडा फरक पडतो. बंगालमधल्या बिष्णुपूरच्या पानांत बुद्धाच्या जागी जगन्नाथ असतो.

आता फसगत कुठे होते ते बघा. तलवार दोन्हींत आहे, मोगलमध्ये शमशेरची आणि दशावतारीत कल्कीची. गोल खूणही दोन्हींत आहे. सुर्खचं सोनेरी नाणं आणि नरसिंहाचं चक्र, रंग जरा उडाला की एकमेकांसारखी दिसतात. प्रधान तर बहुधा दोन्हीकडे घोड्यावरच. म्हणजे तलवारीची सत्ती नुसती बघून ती कुठल्या घरची हे कुणालाच सांगता येणार नाही. उलट मासा किंवा कासव दिसलं तर पान दशावतारीच. कागद, गठ्ठा किंवा चंग दिसली तर मोगलच, डोळे मिटून.

चिताऱ्यांनी आपल्यासाठी आणखी एक सोय केलेली असते. प्रत्येक रंगाच्या पानांची जमीन, म्हणजे चित्रामागचा रंग, वेगळा. कासवाच्या दश्शीवर तांदळाच्या दाण्याएवढी दहा कासवं काढलेली असतात. कंदिलाच्या उजेडात ती मोजणार कोण? पण जमीन हिरवी की पिवळी हे लांबूनही कळतं. कागदाला किंवा कापडाला चिंचोक्यांची खळ, वर खडूचा थर, मग रंग आणि शेवटी लाखेची झिलई, अशी ही पानं बनायची. जुनं पान बोटाने हलकेच वाजवलं तर शिंपलीसारखा आवाज येतो.

खेळायला बसलं की दोन्ही भावंडं पुन्हा जवळ येतात. खेळणारे तिघं. मोगलमध्ये प्रत्येकाला ३२ पानं, दशावतारीत ४०. गोल पानं आपल्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवायची. हुकूम नाही. ज्या रंगाची उतारी त्याच रंगाच्या वरच्या पानाने हात करायचा, त्यामुळे कोणतं पान पडून गेलं हे लक्षात ठेवण्यावर सगळा खेळ चालतो. १२० पानं लक्षात ठेवणं म्हणजे काय, ते एकदा बसून बघा.

आणि एक गंमत दोन्हींत आहे, जी पत्ते खेळणाऱ्याला सुरुवातीला गोंधळात टाकते. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या निम्म्यांत प्रधानाखाली एक्का मोठा आणि दश्शी तळाला. मोगलमध्ये ताज, सफेद, शमशेर, गुलाम यांची दश्शी भारी. चंग, सुर्ख, बरात, किमाश यांचा एक्का भारी. दशावतारीत अशीच पाच-पाचाची वाटणी.

पहिली उतारी कुणाची हे मात्र घड्याळ ठरवतं. मोगल गंजिफेत दिवसा सुर्खचा राजा ज्याच्याकडे त्याची, कारण सोन्याचं नाणं म्हणजे सूर्य. रात्री सफेदचा, कारण चांदीचं नाणं म्हणजे चंद्र. दशावतारीत दिवसा रामाचा राजा, रात्री कृष्णाचा. राम भर दुपारी जन्मला आणि कृष्ण मध्यरात्री, एवढं आपल्या घरातलं पोरही सांगेल. मला हा बदल फार आवडतो. नियम परका राहिला नाही, आपल्या रामनवमी-गोकुळाष्टमीला येऊन चिकटला.

खेळांच्या इतिहासाच्या संग्रहालयांनी नेमकं हेच दाखवायला हवं, असं मला कळकळीने वाटतं. काचेमागे नेहमी राजे मांडलेले असतात, कारण ते देखणे असतात. पण खेळ राहतो छोट्या पानांत. राजाशेजारी त्याचा एक्का आणि दश्शी ठेवा, कोणतं भारी ते लिहा, दिवसाची आणि रात्रीची उतारी लिहा. बघणारा दोन मिनिटं जास्त थांबेल. सावंतवाडीच्या राजवाड्यात चित्रकार पानं रंगवत बसलेले दिसतात, तिथे हे आपोआप विचारलं जातं. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली, आणि २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे आता इस्पिक-बदामाचे ५२ पानांचे गोल संचही रंगवतात. ते सुंदर आहेत, पण ती गंजिफा नव्हे. घेताना एवढं विचारून घ्या.

तर आतेची डबी. मी पानांच्या पाठी न्याहाळत बसलो होतो, एखादी वेगळी लाल सापडते का म्हणून. आते म्हणाली, "पाठ कित्याक बघतस? प्वाट बघ." मग आम्ही ओसरीवर चादर घातली आणि रंगवार ढीग लावले. तलवारींच्या ढिगात सत्त्या दोन निघाल्या. एकीची जमीन बाकीच्या कल्कीसारखी, दुसरीची वेगळी. तिथून धागा सुटला. चक्रांतून सुर्खची चार पानं बाहेर आली, तळातून बरातचा प्रधान आला. अशी एकूण चौदा. उरलेली मोजली तर बरोबर १२०, एक पानही कमी नाही. कधीकाळी घरात दोन्ही गंजिफा होत्या आणि आवरताना कुणीतरी एकीत दुसरी भरली होती.

मोगलची चौदा पानं आतेने वेगळ्या पुडीत बांधली. त्यांत राजा एकच आहे, ताजचा. चिठ्ठीवरचा आकडा खोडून तिने १२० लिहिलं आणि मला व आतेभावाला म्हणाली, आता उठायचं नाही. चाळीस-चाळीस पानं वाटली. दिवेलागण होऊन गेली होती. कृष्णाचा राजा तिच्याच हातात आला होता. पहिली उतारी तिने केली.