तारांची चाकं की अलॉय? गाडी बुक करण्याआधी वाचा

"रॉयल एनफील्डची क्लासिक घ्यायचीय, पण तारांची घेऊ की अलॉयची?" हा प्रश्न आमच्या दुकानात वर्षातून दोनदा जोरात येतो. एकदा दसऱ्याच्या आधी, बुकिंगच्या घाईत. आणि दुसऱ्यांदा जुलैत, भर पावसात पंक्चर गाडी ढकलत आणल्यावर. दसऱ्याला विचारणारा दिसण्याबद्दल बोलतो. जुलैत विचारणारा दिसण्याबद्दल एक अक्षर काढत नाही. हे पत्रक दसऱ्यावाल्यांसाठी आहे.

आधीच सांगून टाकतो: आम्ही लालबागमध्ये चाकांचंच काम करतो. आऊट काढणं (म्हणजे फिरताना डुलणारं चाक सरळ करणं), तारा बदलणं, नवं चाक बांधणं, बेअरिंग, टायर. तारांच्या चाकांवर आमचं पोट जास्त चालतं. तरीही रोज ठाण्याहून फोर्टला गाडीने जाणाऱ्याला आम्ही अलॉयच घ्यायला सांगतो. का, ते पुढे वाचा.

तारेचं चाक उभं कसं राहतं

बऱ्याच लोकांना वाटतं की खालच्या तारा गाडीचं वजन पेलतात, टेबलाच्या पायांसारख्या. पण तार बारीक असते, तिला दाबून काही पेलता येत नाही. तिला फक्त ओढता येतं. चाक बांधताना ३६ किंवा ४० तारा सगळ्या बाजूंनी रिमला, म्हणजे बाहेरच्या कड्याला, हबकडे, म्हणजे मधल्या तुंब्याकडे, ओढून धरतात. गाडीचं वजन आलं की खालच्या तारांचा ताण थोडा सैल होतो, बाकीच्या हबला धरून ठेवतात. चाक फिरत राहतं आणि प्रत्येक तार एका फेरीत एकदा सैल, एकदा घट्ट होते. दिवसभरात हजारो वेळा. म्हणून एक तार ढिली पडली की तिचा भार शेजारणीवर जातो, मग ती तुटते, मग तिसरी. मागच्या चाकात हे लवकर होतं, कारण इंजिनाची ओढ आणि मागे बसणाऱ्याचं वजन दोन्ही तिथेच. तुटते ती बहुतेकदा हबपाशी, जिथे तार वाकवलेली असते तिथे.

घरी तपासायचं असेल तर गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. एक छोटा पाना घ्या आणि चाक हाताने हळू फिरवत प्रत्येक तारेवर हलकेच टिचकी मारा. चांगली तार "टिंग" करते. ढिली तार "थप्प" करते, भिजलेल्या दोरीवर मारल्यासारखी. सगळ्या तारांचा सूर एकच नसतो, थोडं उन्नीस-बीस चालतं, पण थप्प आली की आमच्याकडे या. स्वतः निपल (तारेच्या टोकाचा, ताण कमी-जास्त करायचा छोटा नट) आवळू नका. एक तार आवळली की रिम तिकडे खेचली जाते, मग समोरची आवळावी लागते, आणि तासाभरात चाकाची जिलबी झालेली असते. अशी जिलबी आमच्याकडे महिन्यातून एक तरी येते.

नव्या गाडीच्या तारा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसतात, म्हणून पहिल्या सर्व्हिसला त्या तपासून घ्या. नंतर दर ३,००० किलोमीटरला एकदा टिचक्या मारल्या की पुरे. हे काम पंधरा मिनिटांचं आहे. तेवढंही जमणार नसेल तर पुढचं न वाचता अलॉय घ्या.

अलॉय म्हणजे काय

अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू साच्यात ओतून एकाच तुकड्यात काढलेलं चाक. तारा नाहीत, निपल नाहीत, म्हणून रिमला आरपार भोकंही नाहीत. हवा आतच राहते आणि ट्यूब लागत नाही. सगळा फरक खरं तर इथे आहे. लोक वजनाबद्दल, हँडलिंगबद्दल बोलतात. ३५० सीसीच्या गाडीवर दादर टी.टी.चा सिग्नल पकडताना तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही. आणि अलॉय नेहमी हलकंच असतं, हेही खरं नाही. जाड ओतलेलं अलॉय तारांच्या चाकाच्या बरोबरीने किंवा जास्तही भरतं.

पंक्चर मात्र लगेच कळतं. ट्यूबमध्ये खिळा गेला की हवा भसकन जाते, कारण ट्यूब फाटते आणि हवा तारांच्या भोकांतून बाहेर पडते. ट्यूबलेसमध्ये खिळा स्वतःच बूच होऊन बसतो. हवा हळूहळू जाते, कधी कधी तर सकाळी पार्किंगमध्येच लक्षात येतं. दुरुस्ती बाहेरूनच होते: खिळा काढा, भोक खरवडा, पट्टी घुसवा, हवा भरा. चाक काढावं लागत नाही. ट्यूबवाल्या गाडीचं मागचं चाक काढायचं म्हणजे एक्सल, चेनचं सेटिंग, ब्रेक, सगळं उकलायचं. रात्री साडेअकराला घोडबंदर रोडवर हे करायला तयार असलेला पंक्चरवाला शोधून दाखवा. मिळालाच तर टायर उचलताना त्याची लोखंडी पट्टी ट्यूबला चिमटा काढणार नाही, याची खात्री कोण देणार?

खड्डा

इथे पारडं फिरतं. मुंबईचे खड्डे, निघालेले पेव्हर ब्लॉक, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली फट आणि मेट्रोच्या कामाशेजारच्या लोखंडी प्लेटा यांच्याशी गाठ रोजचीच. जोरात आदळल्यावर तारांचं चाक वाकतं. आऊट येतो, हँडल थोडं डुलतं, पण गाडी घरी येते आणि आम्ही आऊट काढून देतो. रिम स्टँडवर लावून काटा जवळ आणायचा, कुठे घासतो ते बघायचं, निपल पाव-पाव फेरा. बाजूचा आऊट दोन मिलिमीटरच्या आत आला की आमच्या हिशेबाने चाक रस्त्यावर जायला मोकळं. रिमच दबली असेल तर रिम आणि तारा नव्या, हब तेच.

अलॉय मात्र किंचित वाकतं, नाहीतर तडकतं. कड वाकली तर टायर तिथे नीट बसत नाही आणि हवा झिरपत राहते. मागच्या वर्षी गणपतीला कोकणात निघालेल्या एका गिऱ्हाइकाच्या पुढच्या चाकाची कड पोलादपूरच्या पुढे एका खड्ड्यात अशीच चेपली. तिथल्या पंक्चरवाल्याने ट्यूबलेस टायरमध्ये सरळ ट्यूब टाकून दिली. गाडी सावकाश सावंतवाडीला पोचली आणि आरतीही चुकली नाही. तात्पुरता उपाय म्हणून हे ठीक. मुंबईत परत आल्यावर चाक मात्र बदलायलाच हवं होतं, आणि बदललं.

तडा गेला असेल तर विषयच संपला. तडकलेलं अलॉय वेल्ड करून देणारे, गॅसच्या ज्योतीने तापवून हातोडीने सरळ करणारे या शहरात भरपूर आहेत. आम्ही ते काम घेत नाही. तापवलं की त्या जागची ताकद जाते, आणि वरून रंग मारला की तडा दिसतही नाही. म्हणून जुनं अलॉय विकत घेताना चकचकीत नव्या रंगाचं असेल तर जास्त संशय घ्या. चाक हबपाशी आणि आऱ्यांच्या मुळाशी नखाने चाचपून पाहा.

खारी हवा

वरळी कोळीवाडा, वर्सोवा, गोराई, कुलाबा इथल्या गिऱ्हाइकांसाठी हा वेगळा परिच्छेद. क्रोमची रिम समुद्राजवळ बाहेरून गंजते, ते दिसतं. खरा गंज आत असतो. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की पाणी तारांच्या भोकांतून आत जातं आणि रबरी पट्टीखाली साचून राहतं. निपल जाम होतात. मग आऊट काढायला गेलं की निपल फिरायच्या ऐवजी तारच पिळली जाते. पावसाळा संपला की एकदा टायर उतरवून रिम आतून पुसून घ्या. निपलवर पातळ तेलाचा एकेक थेंब टाका. ते तेल डिस्कवर किंवा टायरवर उडालं तर ब्रेक लागणार नाहीत, म्हणून फडकं हातात ठेवा. अलॉय असेल तर पाण्याने धुवा आणि पुसा, बस.

शोरूममध्ये काय बघाल

नुसत्या चाकांवर भाव करू नका. पुष्कळदा चाकांबरोबर ब्रेकही बदलतात. रॉयल एनफील्डचीच हंटर ३५० ऑगस्ट २०२२ मध्ये आली, तेव्हा तारांच्या 'रेट्रो' मॉडेलला मागे ड्रम ब्रेक आणि एकाच चाकाला एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) होतं, तर अलॉयच्या 'मेट्रो' मॉडेलला मागे डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस. म्हणजे पैशांतला फरक नुसता चाकांचा नव्हता. क्लासिक ३५० मध्ये काही रंग अलॉयवर येतात, बाकीचे तारांवर. होंडाची हायनेस पहिल्यापासून अलॉयवर आहे. जावा फॉर्टी टू दोन्ही प्रकारांत मिळते.

तिसरा प्रकारही आता आलाय: तारांचं, पण ट्यूबलेस. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४५० ला तो २०२४ पासून मिळतो. त्यात तारा रिमच्या मधोमध न जाता कडेला लागतात, म्हणून मधला भाग अखंड राहतो आणि हवा धरतो. चांगली गोष्ट आहे, महाग आहे, आणि दुरुस्तीची जाण असलेले हात अजून थोडेच आहेत. साध्या तारांच्या रिमला आतून टेप किंवा सीलंट लावून ट्यूबलेस करून मागणारे पुष्कळ येतात. टायरची कड आत घसरू नये म्हणून ट्यूबलेससाठीच्या रिमला एक उंचवटा असतो. जुन्या पद्धतीच्या रिमला तो नसतो. हवा कमी झाली की टायर जागेवरून सुटू शकतो. जुन्या रिमवर हे काम आम्ही करत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

नंतर बदलायचं असेल तर

तारांवरून अलॉयवर जाणं म्हणजे चाक काढलं आणि दुसरं लावलं, इतकं सोपं नाही. हब, बेअरिंग, स्पेसर, डिस्क आणि एबीएसची दातेरी रिंग, सगळं जुळावं लागतं. रिंग चुकली तर एबीएसचा दिवा डॅशवर कायम पेटलेला राहील. कंपनी स्वतःच्या मॉडेलसाठी अलॉयचा सेट विकत असेल तर तोच घ्या. बाहेरून घेतला तर आयएसआयचा शिक्का बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्वस्त मिळतो म्हणून शिक्का नसलेला आणलात तर आम्ही बसवणार नाही. साईज मूळचीच ठेवा. क्लासिक ३५० ला पुढे १९ आणि मागे १८ इंच आहे, ते तसंच राहू दे.

उलटही होतं. अलॉयवरून तारांवर येणारे बहुतेक चाळिशी ओलांडलेले असतात. वडिलांच्या राजदूतवर किंवा येझदीवर टाकीवर बसून फिरलेले. त्यांना आम्ही समजावायला जात नाही. आम्हालाही तारांचं चाक संध्याकाळच्या उन्हात फिरताना आवडतं.

थोडक्यात आमचा सल्ला असा की रोज कामावर जायचं असेल, किंवा रात्रीबेरात्री एकट्याने परतायचं असेल तर अलॉय. रविवारी माळशेज किंवा जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला जायचं असेल आणि हाताने गाडी पुसायची हौस असेल तर तारा बिनधास्त घ्या. सी लिंक आणि अटल सेतूवर आपल्या दुचाक्यांना तसंही सोडत नाहीत, तेव्हा घाई कसली.

चाकाचं काम असेल तर सकाळी लवकर आणा. आऊट काढून संध्याकाळी मिळेल. नवं चाक बांधायला दोन दिवस. चाकं बदलून घेतलीत तर जुनं हब भंगारात देऊ नका, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना मूळ चाकं मागणारा हमखास भेटतो. दुकान सोमवारी बंद.