विस्तार ड्राफ्टपूर्वीचे खेळाडू-संरक्षण (बर्फावरील हॉकी)

विस्तार ड्राफ्ट ही उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बर्फावरील हॉकीत, विशेषतः नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या स्पर्धेत, नव्याने प्रवेश करणाऱ्या संघाला जुन्या संघांकडील खेळाडू निवडू देण्याची पद्धत आहे. प्रत्येक जुना संघ आपल्या ठरावीक खेळाडूंची संरक्षित यादी आधी सादर करतो आणि यादीबाहेर राहिलेल्यांमधून नवा संघ निवड करतो. त्यामुळे कोणाला यादीत घ्यायचे, कोणाला उघड्यावर ठेवायचे आणि जो वाचवता येणार नाही त्याचा व्यवहार वेळेत करून टाकायचा का, हे प्रश्न ड्राफ्टच्या आधीचे कित्येक महिने संघांच्या व्यवस्थापकांपुढे असतात.

ही पद्धत जुनी आहे. १९६७ साली सहा संघांची लीग एकदम बारा संघांची झाली, तेव्हा जुन्या संघांना प्रत्येकी एक गोलरक्षक आणि अकरा इतर खेळाडू राखून ठेवता आले होते. त्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस किंग्जने नामवंत गोलरक्षक टेरी सॉचुक याची प्रथम निवड केली. २००० साली कोलंबस आणि मिनेसोटा हे संघ आले, तेव्हाही संरक्षित यादी बरीच लांब होती. सॅन होजे शार्क्स संघाने त्या वेळी कोलंबसला मोबदला देऊन गोलरक्षक एव्हगेनी नाबोकोव्ह याला न निवडण्याचे मान्य करून घेतले आणि पुढच्याच हंगामात नाबोकोव्हने सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळवला. एखाद्या खेळाडूच्या न निवडीची किंमत मोजणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी तो व्यवहार आजही चांगले उदाहरण आहे.

२०१७ मध्ये वेगास गोल्डन नाइट्स संघासाठी नियम बरेच कडक झाले. नव्या मालकांनी प्रवेशशुल्क म्हणून ५० कोटी डॉलर मोजले होते आणि त्या रकमेच्या बदल्यात स्पर्धा करू शकेल असा संघ त्यांना मिळावा, हा लीगचा हेतू होता. जुन्या संघांपुढे दोन पर्याय ठेवण्यात आले. सात आक्रमक, तीन बचावपटू आणि एक गोलरक्षक राखावा, किंवा स्थानाचे बंधन न ठेवता आठ खेळाडू आणि एक गोलरक्षक राखावा. चार चांगले बचावपटू असलेल्या संघाला दुसरा पर्याय स्वीकारण्यावाचून गत्यंतर नसे. मग त्याला एकूण दोन खेळाडू कमी राखता येत. व्यावसायिक कारकिर्दीच्या पहिल्या दोन वर्षांतील खेळाडूंना सूट होती, म्हणून आपला तरुण तारा कॉनर मॅकडेव्हिड याच्यासाठी एडमंटनला यादीतील जागा खर्चावी लागली नाही. याउलट, संमतीशिवाय आपल्याला कोठेही हलवता येणार नाही असे कलम ज्यांच्या करारात होते, त्यांना यादीत घेणे बंधनकारक होते. उतारवयाच्या खेळाडूंना वर्षांपूर्वी खुशीने दिलेले हे कलम आता तरुणांच्या जागा अडवू लागले. अशा खेळाडूने स्वतःहून हक्क सोडला तरच जागा मोकळी होई.

मात्र या साऱ्या गणितात एक गोष्ट स्थिर होती: तीस संघांपैकी प्रत्येकाकडून फक्त एकच खेळाडू जाणार होता. या मर्यादेकडे पुरेसे लक्ष न दिल्यामुळेच २०१७ मधील सर्वांत महाग चुका झाल्या, असे म्हणावे लागते. एक चांगला खेळाडू जाईल या भीतीने काही संघांनी वेगासचे व्यवस्थापक जॉर्ज मॅकफी यांच्याशी वेगळे सौदे केले आणि एकाऐवजी दोन खेळाडू, किंवा एक खेळाडू आणि वर भविष्यातील वार्षिक ड्राफ्टचे निवडहक्क, म्हणजे फेरीफेरीने होणाऱ्या निवडीत नवे तरुण खेळाडू घेण्याच्या संधी, घालवले.

फ्लोरिडा पँथर्सचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्यांनी चार आक्रमक आणि चार बचावपटू राखले. त्याच हंगामात ३० गोल करणारा जोनाथन मार्शेसो यादीबाहेर राहिला. शिवाय रायली स्मिथचा वर्षाला ५० लाख डॉलरचा नवा करार डोईजड वाटत असल्याने, केवळ चौथ्या फेरीतील एका निवडहक्काच्या मोबदल्यात त्यालाही वेगासकडे पाठवण्यात आले आणि वेगासने मार्शेसोची निवड केली. मिनेसोटाने एरिक हाऊलाचीच निवड व्हावी म्हणून तरुण अ‍ॅलेक्स टक देऊ केला. अ‍ॅनाहाइमने केव्हिन बिएक्साच्या करारातील कलमामुळे जोश मॅन्सन आणि सामी वातानेन या दोन मोलाच्या बचावपटूंना उघड्यावर ठेवले व त्यांच्याऐवजी क्लेटन स्टोनर निवडला जावा यासाठी शे थिओडोर हा गुणी बचावपटू देऊन टाकला. कोलंबसने पहिल्या व दुसऱ्या फेरीतील एकेक निवडहक्क देऊन डेव्हिड क्लार्कसनच्या कराराचे ओझे उतरवले आणि आपले हवे ते खेळाडू वाचवले. त्यांच्याकडून गेलेल्या विल्यम कार्लसनने आदल्या हंगामात सहा गोल केले होते; वेगासकडून पहिल्याच हंगामात त्याने ४३ केले.

प्रत्येक सौद्याला एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. पिट्सबर्गकडे मार्क-आंद्रे फ्ल्युरी आणि त्याच्यापेक्षा बराच तरुण मॅट मरी असे दोन उत्तम गोलरक्षक होते आणि नियमाने एकच राखता येत होता. फ्ल्युरीने आपल्या कलमाचा हक्क सोडला, संघाने त्याच्यासोबत दुसऱ्या फेरीतील एक निवडहक्क दिला आणि मरीला ठेवले. सलग दोन वर्षे स्टॅन्ली चषक, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकताना मरी गोलमध्ये उभा होता, तेव्हा हा निर्णय त्या क्षणी योग्यच होता. मरीची पुढील घसरण कोणालाही आधी दिसणे शक्य नव्हते.

वेगासने पहिल्या हंगामात १०९ गुण मिळवून अंतिम फेरी गाठली आणि २०२३ मध्ये चषक जिंकला. अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी फ्लोरिडाच होता आणि प्ले-ऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मार्शेसोला मिळाला. स्मिथ, कार्लसन आणि थिओडोर तेव्हाही संघात होते, तर टक हा जॅक आयकेलला मिळवण्यासाठी बफेलोला दिलेल्या मोबदल्याचा भाग बनला होता.

२०२१ मध्ये ६५ कोटी डॉलर शुल्क भरून सिअ‍ॅटल क्रॅकन आला, तेव्हा नियम तेच होते, पण जुने संघ शहाणे झाले होते. बहुतेकांनी वेगळा सौदा न करता एक खेळाडू जाऊ दिला. स्टॅन्ली चषकविजेत्या टँपा बे संघाने यानी गूर्द गमावला. जो वाचणारच नव्हता त्याला यादीच्या मुदतीआधी दुसऱ्या संघाला विकण्याचा मार्ग अधिक वापरला गेला. कोलोरॅडोने बचावपटू रायन ग्रेव्ह्ज न्यू जर्सीला देऊन त्याच्या बदल्यात एक खेळाडू आणि दुसऱ्या फेरीतील निवडहक्क मिळवला. माँट्रियलने तर आपला प्रमुख गोलरक्षक केरी प्राइस यालाच उघड्यावर ठेवले. प्राइसने हक्क सोडल्यामुळे दुसरा गोलरक्षक जेक अ‍ॅलन याला राखता आले आणि वर्षाला १ कोटी ५ लाख डॉलरचा, आणखी पाच वर्षे चालणारा करार सिअ‍ॅटल स्वीकारणार नाही, हा अंदाज खरा ठरला.

मराठी वाचकाला आयपीएलमधील खेळाडू राखण्याची पद्धत याच्या जवळची वाटेल, परंतु २०१५ मध्ये पुण्याच्या संघाने धोनी आणि रहाणे निवडले ते निलंबित झालेल्या दोन संघांच्या खेळाडूंमधून. चालू संघांना त्यात काही गमवावे लागले नव्हते, त्यामुळे हॉकीतील व्यवस्थापकाची कोंडी तेथे निर्माण झाली नाही.

या कोंडीतून सुटण्याचा आणखी एक मार्ग टोरांटोने २०२१ मध्ये वापरला. यादीची मुदत संपण्याच्या दिवशी त्यांनी पिट्सबर्गकडून जेरेड मकॅन घेतला आणि त्याला यादीबाहेर ठेवले, जेणेकरून सिअ‍ॅटलने संघातील दुसऱ्या कोणाला नेऊ नये. बचावपटू जस्टिन हॉल त्यांच्याकडे टिकला. मकॅनने २०२२-२३ च्या हंगामात सिअ‍ॅटलसाठी ४० गोल केले.