शेल्ड्रिक हत्ती नर्सरी (नैरोबी)

केनियाची राजधानी नैरोबी, तिला अगदी खेटून असलेलं नैरोबी नॅशनल पार्क, आणि त्या पार्कच्या हद्दीत आई गमावलेल्या हत्तीच्या पिल्लांना वाढवणारं हे केंद्र. शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्ट ही संस्था ते चालवते. आपल्याकडचे पर्यटक याला सरसकट ‘हत्तींचं अनाथालय’ म्हणतात, ते चूक नाही, पण त्यातून एक घोळ होऊ शकतो. याच पार्कच्या मुख्य गेटजवळ नैरोबी ॲनिमल ऑर्फनेज नावाची सरकारी, झू टाइपची वेगळीच जागा आहे, तिथे सिंह-चित्ते वगैरे बंदिस्त ठेवलेले असतात. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘ऑर्फनेज’ सांगितलं तर तो तिकडे नेऊन सोडू शकतो, आणि इथली भेट तासाभराचीच असल्यामुळे तिकडून धावतपळत येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. म्हणून ‘शेल्ड्रिक’ हे नाव घेऊन सांगावं. या नोंदीत नर्सरी हाच शब्द वापरलाय, कारण पिल्लं इथे कायमची राहत नाहीत, मोठी होऊन पुढे जातात, हे त्या शब्दात आपोआप येतं.

स्थापनेचं साल

यावर एकमत नाही असं म्हणण्यापेक्षा, जो तो वेगळ्या गोष्टीचं साल सांगतो असं म्हणणं बरं. कोणी १९७७ देतं, कोणी १९८७, आणि काही जण गोष्ट थेट १९५० च्या दशकातल्या त्सावोपर्यंत मागे नेतात.

त्सावो हे नैरोबी आणि मोंबासाच्या मधलं प्रचंड मोठं पार्क, १९४८ मध्ये जाहीर झालेलं. त्याच्या पूर्व भागाचे म्हणजे त्सावो ईस्टचे पहिले वॉर्डन डेव्हिड शेल्ड्रिक (१९१९-१९७७). त्यांची तिथली कारकीर्द १९४८-४९ पासून १९७६ पर्यंत धरतात. त्या काळात सॅमसन आणि फातुमा ही अनाथ हत्तीपिल्लं तिथे वाढली, नंतर एलेनॉर नावाची हत्तीण आली जी पुढे येईल त्या प्रत्येक पोरक्या पिल्लाची आईच होऊन बसली. पण हे सगळे हत्ती आले तेव्हा दुधावरून बऱ्यापैकी सुटलेले होते, अगदी तान्हं पिल्लू त्सावोत जगत नव्हतं. त्यामुळे त्सावोला नर्सरीचं मूळ म्हणता येईल, सुरुवात म्हणता येणार नाही.

त्सावोचा उल्लेख निघालाच आहे तर एक जुना वाद इथेच सांगून टाकतो. १९६० च्या दशकात त्सावोत हत्ती इतके झाले की झाडंझुडपं संपून गवताळ माळ दिसायला लागला. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लॉज यांचं म्हणणं होतं की काही हत्ती मारून अभ्यास करावा आणि संख्या आटोक्यात आणावी, डेव्हिड शेल्ड्रिक यांचं म्हणणं की हात लावू नका, निसर्ग बघून घेईल. शेल्ड्रिक यांचं चाललं, लॉज निघून गेले, आणि १९७०-७१ च्या दुष्काळात हजारो हत्ती मेले, त्यात माद्या आणि पिल्लं जास्त. आकडा साधारण ६,००० च्या पुढे सांगतात. कोण बरोबर होतं यावर अजून दोन तट आहेत. नंतर शिकारीने हत्तींची संख्या इतकी खाली आणली की ‘जास्त झालेत’ हा प्रश्नच उरला नाही, त्यामुळे शेल्ड्रिक यांची बाजू आज जास्त पटण्यासारखी वाटते, पण ती त्यांच्या हिशोबाने सिद्ध झाली असं मात्र नाही.

१९७६ च्या शेवटी डेव्हिड यांची बदली नैरोबीला झाली आणि जून १९७७ मध्ये ते हृदयविकाराने गेले. पत्नी डॅफ्नी (१९३४-२०१८) नैरोबी पार्कमध्येच राहिल्या आणि डेव्हिड यांच्या नावाने एक स्मृतिनिधी सुरू झाला, ते १९७७ साल. या निधीची स्वतंत्र ट्रस्ट १९८७ मध्ये झाली, आणि ओल्मेग नावाचं जेमतेम काही दिवसांचं पिल्लू जगलं तेही त्याच सुमाराला. म्हणजे १९७७ हे संस्थेचं साल आणि नर्सरीचं साल १९८७ च्या आसपासचं, असं धरणं जास्त सरळ आहे. डॅफ्नी यांना २००६ मध्ये ब्रिटनचा ‘डेम’ किताब मिळाला. २००१ पासून कारभार मुलगी अँजेला बघतात, आणि संस्थेच्या नावातलं ‘डेव्हिड’ २०१९ मध्ये गळून नुसतं शेल्ड्रिक उरलं.

दुधाचा प्रश्न

नर्सरीचा खरा इतिहास म्हणजे दुधाचा इतिहास. हत्तीण २२ महिने गाभण असते, पिल्लू जन्मतः शंभर किलोच्या आसपास भरतं, आणि पहिली दोन वर्षं तरी आईच्या दुधाशिवाय ते टिकत नाही. आई मेली की दोन वर्षांच्या आतलं पिल्लू संपलंच, हे १९७० पर्यंत जवळपास धरूनच चालत. गाईचं दूध पाजून बघितलं की हगवण लागायची आणि पिल्लू दोन-चार दिवसांत कोरडं पडून मरायचं.

कारण फॅटमध्ये आहे. गाईच्या दुधातल्या फॅटमध्ये लांब साखळीची आम्लं जास्त असतात आणि हत्तिणीच्या दुधात मध्यम साखळीची, म्हणजे कॅप्रिक आणि लॉरिक ही दोनच प्रामुख्याने. आता लॉरिक आम्ल भरपूर असलेला आणि कुठेही मिळणारा पदार्थ कोणता, तर आपलं खोबरेल तेल, त्यात जवळजवळ निम्मं लॉरिकच असतं. डॅफ्नी यांनी वर्षानुवर्षं वेगवेगळी मिश्रणं करून बघितली, कित्येक पिल्लं हातची गेली, आणि शेवटी जमलं ते माणसाच्या तान्ह्या बाळाच्या पावडरवर, जिच्यात गाईच्या दुधाची फॅट काढून त्याजागी नारळाचं तेल घातलेलं होतं. लोकप्रिय लेखांत ‘नारळाचं दूध पाजतात’ असं सर्रास लिहिलेलं सापडतं. तो गैरसमज आहे, सोलकढीचं नारळाचं दूध वेगळं आणि हे वेगळं. इथे मुद्दा तेलातल्या फॅटचा आहे. आणि डॅफ्नी यांनी हे रसायनशास्त्र आधी वाचून मग दूध बनवलं असंही समजू नये, त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरून तरी ते चुकत-माकतच सापडलं, त्याचं शास्त्रीय स्पष्टीकरण मागून नीट जुळलं.

हाच एक उपाय आहे असंही नाही. उत्तर केनियात सांबुरू भागातल्या रेतेती या केंद्राने २०२० च्या सुमारास डब्याची पावडर सोडून गावातल्या बायकांकडून शेळीचं दूध घ्यायला सुरुवात केली आणि पिल्लं त्याच्यावर वाढतायत. दुधातल्या फॅटचा नियम म्हणून बघितलं तर हे थोडं कोड्यात टाकणारं आहे खरं, पण शेळीच्या दुधात मध्यम साखळीची आम्लं गाईपेक्षा जास्त असतात, त्यामुळे अगदी उलटं काही घडलेलं नाही.

दूध दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि नुसती बाटली तोंडात दिली तर लहान पिल्लू पीत नाही. आईच्या पोटाला सोंड टेकवून प्यायची त्याची सवय, म्हणून दोन झाडांमध्ये ब्लँकेट टांगतात, पिल्लू त्याला सोंड टेकतं आणि कीपर, म्हणजे पिल्लांना सांभाळणारा माणूस, ब्लँकेटमागून बाटली पुढे करतो. मोठी पिल्लं मग स्वतःच सोंडेत बाटली धरून उलटी करतात आणि रिकामी झाली की टाकून देतात.

आयेशा आणि कीपर

दुसरा धडा दुधाचा नव्हता. १९७० च्या दशकात, बहुधा १९७४ मध्ये, त्सावोत आयेशा नावाचं पिल्लू डॅफ्नी यांनी एकटीने सांभाळलं आणि ते सहा महिने जगलं, तोवरच्या मानाने हे मोठंच यश होतं. मग मुलीच्या लग्नासाठी डॅफ्नी काही दिवस बाहेर गेल्या, पिल्लाने खाणं सोडलं आणि ते मेलं. विरहाने मेलं हे डॅफ्नी यांचं स्वतःचं निदान आहे, ते तसं म्हणूनच वाचावं. मात्र त्यानंतर नियम झाला तो आजवर मोडलेला नाही : एका पिल्लाला एकच माणूस नाही. कीपर पिल्लाशेजारी गोठ्यातच झोपतो, पण रोज रात्री माणूस बदलतो, म्हणजे पिल्लाची ओढ एका चेहऱ्याला न लागता सगळ्या टोळक्याला लागते आणि कोणी रजेवर गेला तर कोणाचं काही बिघडत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे उलटं वाटेल, कारण आपली माहुताची परंपरा नेमकी एक हत्ती एक माहूत अशी आहे, माहूत बदलला की हत्ती बिथरतो हे गावोगावी माहीत असतं. फरक हेतूचा आहे. माहुताचा हत्ती आयुष्यभर माणसाबरोबर राहणार आणि त्याचं ऐकणार, नर्सरीतलं पिल्लू एक दिवस माणसाला सोडून जायला हवं. म्हणून इथे अंकुश नाही, पाठीवर बसणं नाही, कसरती नाहीत. कीपरला माहूत म्हणणं म्हणूनच टाळलंय.

भेट

नर्सरी लोकांसाठी रोज एकच तास उघडी असते, सकाळी ११ ते १२, आणि २५ डिसेंबरला बंद. बुकिंग आधी करावं लागतं. सकाळी निघून नर्सरी आणि मग लांगाटा भागातलंच जिराफ सेंटर असा अर्धा दिवस बहुतेक टूरवाले बसवतात, मसाई माराला जाणारे मराठी ग्रुपही याच वाटेने येतात.

चिखलाच्या डबक्याभोवती दोरी बांधलेली असते, तिच्यामागे लोक उभे राहतात. हिरव्या कोटातले कीपर दुधाच्या बाटल्या भरलेली हातगाडी ढकलत आणतात आणि तेवढ्यात झुडपांमधून पिल्लं रांगेने, खरं तर दुडक्या चालीने, बाटलीचाच नेम धरून पळत येतात. आधी लहानांचा गट, तो गेला की मोठ्यांचा. दूध संपलं की मग पाण्यात लोळण, लाल माती अंगावर उडवणं, एकमेकांना ढकलाढकली, पसरून ठेवलेल्या फांद्या सोलून खाणं. एक कीपर माइकवर प्रत्येकाचं नाव, कुठून आला, आई कशाने गेली ते सांगतो. नाव बहुतेकदा पिल्लू जिथे सापडलं त्या जागेवरून ठेवलेलं असतं, त्यामुळे नावांची यादी ऐकली की अर्ध्या केनियाचा नकाशा होतो. पिल्लू दोरीजवळ आलंच तर कपड्याला लाल चिखल लागतो, पांढरं घालून जाऊ नये एवढंच. अगदी लहान पिल्लांच्या अंगावर रंगीत ब्लँकेट बांधलेलं दिसतं, ते फोटोसाठी नाही, आईच्या अंगाची ऊब नसल्यामुळे न्यूमोनिया पटकन होतो म्हणून. उन्हात कानांना सनस्क्रीनही लावतात, कानाची कातडी फार पातळ असते.

मॅक्सवेल नावाचा जन्मांध काळा गेंडाही इथे कित्येक वर्षं राहिला, जंगलात सोडणं शक्य नसल्यामुळे. हत्तींच्या गर्दीत त्याच्या कुंपणाकडे फारसं कोणी जायचं नाही.

वर्षाला ५० डॉलर देऊन एखादं पिल्लू ‘दत्तक’ घेता येतं. एकाच पिल्लाचे असे शेकडो पालक असतात, घरी न्यायचं काही नसतं, ईमेलवर महिन्याला खबरबात येते आणि कीपरांची रोजनिशी वाचायला मिळते. संस्थेच्या उत्पन्नात याचा वाटा मोठा आहे.

अनाथ होण्याची कारणं

केनियात १९७३ च्या सुमारास १,६७,००० हत्ती होते असा अंदाज देतात, १९८९ पर्यंत ते १६,००० च्या आसपास आले, हस्तिदंतामुळे. त्याच वर्षी जुलैत राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी १२ टन हस्तिदंत जाहीरपणे जाळलं आणि २०१६ मध्ये १०५ टन जाळलं गेलं, दोन्ही होळ्या याच नैरोबी पार्कमध्ये. २०२१ च्या गणनेत ३६,२८० हत्ती मोजले गेले. शिकार कमी झाली तशी कारणं बदलली : विहिरीत किंवा पाण्याच्या खड्ड्यात पडणं, शेतकऱ्यांशी झगडे, आणि दुष्काळ. २०२२ मध्ये फेब्रुवारी ते ऑक्टोबर एवढ्यात केनियात २०५ हत्ती दुष्काळाने मेल्याची सरकारी नोंद आहे.

नर्सरीनंतर

तीनेक वर्षांचं झालं की पिल्लाला खास बनवलेल्या ट्रकमधून पहाटे अंधारातच त्सावोकडे नेतात. वोई, इथुंबा (२००४) आणि किब्वेझी जंगलातलं उमानी स्प्रिंग्ज (२०१४) अशी तीन ठिकाणं आहेत. तिथे दिवसा जंगलात आणि रात्री कुंपणात, असं करत करत हत्ती स्वतः ठरवतो की आता परत यायचं नाही. आठ-दहा वर्षं सहज लागतात. आतापर्यंत ३०० च्या वर पिल्लं वाढवली गेली, आणि जंगलात गेलेल्या माद्या स्वतःची पिल्लं घेऊन जुन्या कीपरांना दाखवायला येतात, वोईच्या एमिलीचं ईव्ह (२००८) हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. ‘दाखवायला’ हा शब्द कीपरांचा, हत्तीच्या मनातलं कोणी सांगावं.

तत्सम केंद्रं

श्रीलंकेत पिन्नवला (१९७५) सर्वांत प्रसिद्ध, पण तिथले हत्ती तिथेच राहतात. शेल्ड्रिकच्या जवळ जाणारं म्हणजे श्रीलंकेतलंच उडवालावेचं ट्रान्झिट होम (१९९५), तिथे लोकांना लांबच्या ओट्यावरून नुसतं दूध पाजणं बघता येतं आणि पिल्लं पुढे जंगलात सोडतात. भारतात काझिरंगाजवळचं वन्यजीव पुनर्वसन केंद्र (२००२) हीच पद्धत वापरतं, तिथली पिल्लं आसामातल्याच मानस राष्ट्रीय उद्यानात सोडली गेली आहेत. तमिळनाडूत मुदुमलैच्या थेप्पाकाडू कॅम्पमध्येही अनाथ पिल्लं वाढवतात, मात्र माहुतांकडून आणि कॅम्पमध्ये ठेवण्यासाठी. महाराष्ट्रात गडचिरोलीतलं कमलापूर हा वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे, त्याची गणना या प्रकारात होत नाही.