टाइमशेअर आणि सेकंड होम : हातात नेमकं काय पडतं?

नाशिकमध्ये सुट्टीच्या नावावर दोन गोष्टी विकायला येतात आणि दोन्हींचे विक्रेते एकाच सुरात बोलतात. ‘हक्काचं ठिकाण’, ‘पुढे मुलांच्या नावावर होईल’, ‘एकदाच पैसे भरा’. पहिली गोष्ट टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टच्या साखळीची हॉलिडे मेंबरशिप. दुसरी, इगतपुरीला, त्र्यंबक रोडला किंवा गंगापूर धरणाकडे घेतलेलं सेकंड होम. घराचे गुण मेंबरशिपला चिकटवून लोक चेक फाडतात. माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो.

कागद मागा, म्हणजे लगेच उलगडा होतो. घर घेतलं की दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला जातो, मुद्रांक शुल्क भरावं लागतं, इंडेक्स टूवर, म्हणजे त्या नोंदीच्या सरकारी उताऱ्यावर, तुमचं नाव लागतं. ते विकता येतं, गहाण ठेवता येतं. टाइमशेअरमध्ये आपल्याकडे सहसा मिळतो तो फक्त सदस्यत्वाचा करार. खोलीतली एक फरशीही तुमची नसते. ठरावीक वर्षं, बहुतेकदा २५, दरवर्षी सात रात्री राहण्याची सोय तुम्ही आगाऊ पैसे देऊन घेता. क्लब महिंद्रा १९९६ पासून आणि स्टर्लिंग त्याच्याही आधीपासून या धंद्यात आहे, त्यामुळे यात लबाडीच असते असं नाही. पण मुदत संपली की हातात काही उरत नाही. मुलांच्या नावावर होतात ती उरलेली वर्षं, आणि त्यांच्याबरोबर वार्षिक शुल्काचं बिल.

आता पैशांचं बघू. समजण्यापुरते आकडे धरतो. मेंबरशिप ४ लाखांची, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२,०००. वार्षिक शुल्क १८,०००, जीएसटी धरून २१,२४०. हे शुल्क गेलात तरी भरायचं, नाही गेलात तरी भरायचं. तेच ४,७२,००० बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३३,०४० व्याज येतं. त्यात वाचलेलं शुल्क मिळवलं की ५४,२८० होतात. सात रात्रींनी भागा : एका रात्रीला साडेसात हजारांहून जास्त. एवढ्या पैशांत सापुतारा, महाबळेश्वर, गोवा, जिथे मन होईल तिथे चांगली खोली मिळते आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. व्याजावर कर लागतो, हॉटेलांचे भावही वाढत जातील, हे मान्य. पण वार्षिक शुल्कही तिथेच थांबत नाही. ते दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढलं तर २५ वर्षांत नुसत्या शुल्काचेच साडेअकरा लाखांवर जातात. जेवणखाण आणि प्रवास यात धरलेलाच नाही. चार माणसांचं सात दिवसांचं जेवण रिसॉर्टच्या दराने घेऊन बघा!

पैशांपेक्षाही मोठी अडचण तारखांची. मेंबरशिप सीझनप्रमाणे विकली जाते. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यासाठी सगळ्यात महाग सीझन घ्यावा लागतो, आणि तो घेतला तरी करारात ‘उपलब्धतेनुसार’ असतंच. शाळेत जाणारी मुलं असलेल्या नोकरदाराला सुट्टी नेमकी तेव्हाच, सगळ्यांबरोबर. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराचं गणित वेगळं. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बागेतून हलता येत नाही, मग लगेच एप्रिल छाटणी येते. त्याला सवड मिळाली तर पावसाळ्यात. पावसाळ्याचा स्वस्त सीझन त्याला चालेल असं वाटतं खरं, पण त्या दिवसांत हॉटेलंही दर पाडून बसलेली असतात. मग आगाऊ पैसे कशासाठी अडकवायचे?

विकण्याची पद्धत बहुतेकांना ठाऊक असेल. मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर कूपन भरायचं, मग फोन येतो : लकी ड्रॉमध्ये नंबर निघालाय, जोडीनं या. हॉलमध्ये दोन तास डोकं खातात आणि शेवटी सवलत ‘फक्त आजच्या दिवस’. युरोपात टाइमशेअरचा करार १४ दिवसांत कारण न देता रद्द करण्याचा हक्क कायद्यानेच मिळतो. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही, आणि घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘महारेरा’च्या कक्षेतही हे येत नाही. करारात रद्द करण्याची मुदत लिहिली असेल तेवढीच. म्हणून सही करण्याआधी करार घरी न्यायला मागा. देत नसतील तर उठून या, भिडेला बळी पडू नका.

आता सेकंड होम. ते मालकीचं आहे म्हणून सुट्टीसाठी चांगलं, असंही नाही. इगतपुरीचा पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास. बंद घराच्या भिंतींना ओल धरते, दर दिवाळीला डागडुजी निघते. राखणदार, घरपट्टी, मेंटेनन्स चालूच. त्र्यंबकच्या बाजूला सध्या सांगतात की २०२७ च्या सिंहस्थात भाड्यातच पैसे वसूल होतील. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. त्यानंतरचा थेट २०३९ ला. शेतजमिनीवरचा ‘फार्महाऊस प्लॉट’ दाखवत असतील तर आधी सातबारा बघा आणि जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, झाली आहे का ते तपासा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. घर घ्यायचं तर जमीन आणि घर हवं म्हणून घ्या. मेंबरशिप फक्त त्यांनी घ्यावी, ज्यांना दरवर्षी सात दिवस एका जागी राहायला आवडतं, सहा महिने आधी तारीख ठरवता येते आणि शुल्क वाढलं तरी डोईजड होत नाही. अशी कुटुंबं आहेत, पण थोडी. बाकीच्यांनी कर्ज काढून किंवा हप्त्यांवर तर अजिबात घेऊ नये.

घेऊन बसला असाल आणि बोलल्याप्रमाणे खोली मिळत नसेल, तर हप्ता गुपचूप थांबवू नका. थकबाकी दाखवून सदस्यत्व रद्द करणं आणि रक्कम कापणं त्यांना सोपं जातं. नकाराचे ईमेल, तारखा, पावत्या जपून ठेवा आणि लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कंपनीचं कार्यालय चेन्नईत असो वा मुंबईत, तुम्ही राहता त्या नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करता येतो. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा.